कानातले खडे आणि फिरणारे छत

पहाटे कूस बदलली आणि छत गरगर फिरू लागले. अर्ध्या-एक मिनिटात सारे स्थिरावले. पुन्हा त्याच कुशीवर वळताच पुन्हा तेच. अशा वेळी घरात पहिला संशय पित्तावर जातो, मग रक्तदाबावर आणि शेवटी मानेच्या मणक्यावर. गळ्याला पट्टा चढतो, गोळ्या सुरू होतात. खरा दोष अनेकदा कानात असतो. पण ऐकू नीट येत असल्याने तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

कानशिलामागच्या अतिशय कठीण हाडात अंतर्कर्ण दडलेला आहे. त्याचा शंखासारखा वेटोळा भाग ऐकण्याचे काम करतो. त्याला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. तिथे परस्परांशी जवळजवळ काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, केसासारखे तंतू असलेल्या पेशी वाकतात आणि वळल्याची वार्ता मेंदूला पोहोचते. नलिकांच्या मुळाशी दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. त्यांतील पेशींवर चिकट थरात सूक्ष्म खडे रुतलेले असतात, शिंपला ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो त्याचेच. गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतील गती त्यांच्यामुळे कळते.

वाढत्या वयात किंवा डोक्याला मार लागल्यावर यातले काही खडे सुटतात आणि एखाद्या नलिकेत, बहुधा मागच्या, जाऊन पडतात. माणूस आडवा होताच ते घरंगळतात आणि द्रवाला आपल्याबरोबर ओढतात. डोके थांबलेले असते, पण तो एक कान सांगत राहतो की अजून फिरतेच आहे. डोळे झटके देऊ लागतात ते त्यामुळेच.

डोळ्यांचा आणि अंतर्कर्णाचा हा संबंध व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांनी उलगडला. रुग्णाचा कान गार पाण्याने धुतला की डोळे एका दिशेने झटके देत, गरम पाण्याने धुतला की विरुद्ध दिशेने. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

उपचार मात्र फार उशिरा सापडला, आणि तो इतका साधा निघाला की त्यावर विश्वास बसू नये. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी १९८० च्या सुमारास डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे नलिकेतून पुन्हा पिशवीत उतरवण्याची रीत मांडली. तिला काही मिनिटे पुरतात. बऱ्याच रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. गोळ्या मळमळ दाबतात, खडे हलवीत नाहीत. उलट वृद्धांना त्यांची गुंगी येऊन न्हाणीघरात पडण्याची भीती वाढते. आधी कोणत्या कानात आणि कोणत्या नलिकेत दोष आहे हे तज्ज्ञाने तपासायला हवे.

चक्कर मिनिटाभरात न ओसरता टिकून राहिली, अचानक ऐकू येईनासे झाले, बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर मात्र हा खड्यांचा खेळ समजू नये. तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, आणि तिथे तासभराचा उशीरही महाग पडतो.