ताय-ची-छ्वानमधील मळसूत्री गती व बलाचा उगम

चीनमधील ताय-ची-छ्वान ही मूळची युद्धविद्या होय. परंतु आज ती बहुतेकांना संथ व्यायामाच्या रूपानेच परिचित आहे. इतक्या सावकाश हालचालींचा अभ्यास करणाऱ्यास प्रसंगी जोरदार आघात करता यावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. या विद्येच्या चेन शाखेने त्याचे उत्तर ‘चान-सी-जिन’ या संज्ञेने दिले आहे. ‘चान-सी’ म्हणजे रेशीम गुंडाळणे आणि ‘जिन’ म्हणजे अभ्यासाने संस्कारित झालेले बल. स्नायूंच्या केवळ रांगड्या ताकदीस ‘ली’ असा वेगळा शब्द आहे.

हनान प्रांतातील चेनज्यागोउ हे खेडे या शाखेचे मूलस्थान असून तिचे प्रवर्तकत्व १७ व्या शतकातील चेन वांगटिंग यांच्याकडे दिले जाते. याच घराण्यातील चेन शिन (१८४९–१९२९) यांनी लिहिलेला सचित्र ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३३ साली प्रसिद्ध झाला. मानवी आकृतीभोवती वेटोळे घेत जाणाऱ्या रेषा काढून त्यांनी ही गती दर्शविली आहे. हाताच्या प्रत्येक वर्तुळाकार हालचालीबरोबर त्याच्या स्वतःच्या अक्षाभोवतीही पीळ पडतो. करंगळीच्या बाजूने तळवा वर वळतो तो एक पीळ आणि अंगठ्याच्या बाजूने खाली व बाहेर वळतो तो दुसरा. पहिल्यास ‘शुन’ व दुसऱ्यास ‘नी’ म्हणतात. पायांतही असाच पीळ अपेक्षित असतो.

या गतीमुळे बल ‘निर्माण होते’ असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान तपासून पाहणे अवश्य आहे. बलाचा उगम स्नायूंच्या आकुंचनात आहे. परंतु शरीरांतर्गत बले परस्परांस छेदत असल्यामुळे केवळ त्यांच्या योगाने सबंध शरीरास पुढे ढकलता येत नाही. त्यासाठी बाहेरचा आधार हवा, आणि तो जमीन पुरविते. दोन पावले अंतरावर ठेवून उभा असलेला मनुष्य एका पावलाने जमीन मागे व दुसऱ्याने पुढे रेटतो, तेव्हा घर्षणामुळे जमिनीकडून बलयुग्म मिळते व धड वळते. पावलांमधील अंतर वाढले की या बलयुग्माची भुजाही वाढते. गुळगुळीत बर्फावर उभ्या असलेल्या निष्णात अभ्यासकासही हा लाभ मिळणार नाही, यावरून जमिनीचे महत्त्व ध्यानात यावे.

मळसूत्री गतीचे कार्य याच्या पुढचे आहे. मांड्या व नितंब यांचे स्नायू मोठे व बलवान, तर दंड व मनगट यांचे तुलनेने दुर्बल. मोठ्या स्नायूंचे कार्य हातापर्यंत पोहोचावयाचे तर मधला प्रत्येक सांधा योग्य क्षणी व योग्य दिशेने वळला पाहिजे. एखादा सांधा मागे राहिला, तर साखळी तेथेच तुटते आणि उरलेले काम एकट्या खांद्यावर पडते. शिवाय पीळ भरताना काही स्नायू प्रथम ताणले जातात, आणि ताणानंतर लगेच आकुंचन पावणारा स्नायू अधिक जोर देतो. वेगाने बल मोकळे करण्याच्या ‘फा-जिन’ या क्रियेत याचा उपयोग होतो.

संरक्षणातही हीच गती उपयोगी पडते. प्रतिस्पर्ध्याने हातावर सरळ दाब दिला असता हात व धड वळविल्यास त्या दाबाची रेषा शरीराच्या अक्षापासून बाजूस सरकते. एक बाजू अशी मागे जात असतानाच दुसरी बाजू त्याच वळणाने पुढे येते. म्हणजे प्रतिकार व आघात ही एकाच परिभ्रमणाची दोन अंगे ठरतात.

हा विचार केवळ सैद्धांतिक नाही. ‘कमरेतून वळा’ ही सूचना सर्वत्र दिली जाते. परंतु कटिप्रदेशातील मणक्यांच्या सांध्यांची रचनाच अशी आहे, की प्रत्येक जोडीत अक्षाभोवतीचे वळण अवघे एकदोन अंशांचे असते. प्रत्यक्षात वळण घडते ते मुख्यतः खुब्याच्या सांध्यांत आणि छातीच्या मणक्यांत. चिनी शिक्षक कमरेच्या, म्हणजे ‘याओ’च्या, जोडीने ‘ख्वा’चा, म्हणजे जांघेच्या भागाचा, आग्रह धरतात तो याच कारणाने सार्थ ठरतो. खुबा न वळविता धड पिळण्याचा प्रयत्न केला, तर तो पीळ गुडघ्यावर उतरतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा. वाकलेल्या स्थितीत तो थोडासा फिरतो, पण शरीराचा भार अंगावर असताना पिळला गेल्यास त्याच्या कूर्चा व अस्थिबंध यांस इजा होण्याचा संभव असतो. रूपकाचा शब्दशः अर्थ घेऊन सर्वच सांधे सारखे पिळू पाहणारा विद्यार्थी बल तर मिळवीत नाहीच, उलट गुडघा मात्र गमावून बसतो.

संथपणाचे प्रयोजनही येथे स्पष्ट होते. कोशावरील रेशमाचा तंतू शेकडो मीटर लांब, परंतु अत्यंत नाजूक असतो. हिसका दिल्यास तो तुटतो आणि ओढ ढिली पडल्यास गुंततो. जलद हालचालीत सांध्यांमधील असा हिसका वेगाखाली झाकला जातो. सावकाश हालचालीत तो अभ्यासकास लगेच जाणवतो व सुधारता येतो. बल उत्पन्न करण्याचे कार्य स्नायूंचे आणि आधार देण्याचे जमिनीचे. या दोहोंमधील मार्ग अखंड राखणे, एवढेच मळसूत्री गतीचे कार्य होय.