गॅस गिझर आहे? मग हा अलार्मही हवा

थंडी सुरू झाली, की बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेले रुग्ण आमच्या अपघात विभागात येतात. "चक्कर येऊन पडला असेल," असे नातेवाईक सांगतात. आम्ही आधी विचारतो, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?

बंद जागेत गॅसला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, हातापायांतले त्राण जाते. मग कडी काढण्याचीही ताकद राहत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळीही आकडा ठीक दाखवू शकतो. त्यावर विसंबू नका.

या वायूची चाहूल देणारे अलार्म ऑनलाइन मिळतात. स्वयंपाकघरातले गॅसगळती ओळखणारे यंत्र वेगळे. त्याला हा वायू कळेलच असे नाही. घेताना 'ईएन ५०२९१' किंवा 'यूएल २०३४' हे मानक लिहिलेले आहे का, ते पाहा. सेन्सरची मुदतही पाहा. ती संपली, की यंत्र बदलावे लागते.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साईड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि गरम हवेबरोबर वर जातो. त्यामुळे गिझर असलेल्या जागेत अलार्म भिंतीवर उंच, पण छतापासून वीतभर खाली आणि गिझरपासून एक ते तीन मीटरवर लावा. झोपण्याच्या खोलीत तो उशीच्या उंचीवर चालेल. खिडकी, पंखा, पडदा यांच्याजवळ नको. बाथरूममध्येही नको, वाफेने सेन्सर बिघडतो.

इथेच खरी मेख आहे. अलार्म लगेच वाजत नाही. युरोपीय मानकानुसार हवेत दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल, तर तो तासाभरानंतर वाजतो; ३०० भाग असतील, तर तीन मिनिटांत. गिझर बाथरूमच्या आत असेल आणि अलार्म दाराबाहेर, तर तेवढा वेळ मिळेलच असे नाही. म्हणून आधी गिझर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेत हलवा, मग अलार्म घ्या. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका.

अलार्म वाजला, तर सर्वांना घेऊन आधी बाहेर पडा. जाता जाता जमल्यास गॅस बंद करा, खिडक्या उघडा. कुणाला त्रास होत असेल, तर १०८ ला फोन करा आणि गॅस गिझर सुरू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.