फलकांवरील अंतरांचे कोडे

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, साकोली व देवरी ही गावे मागे टाकून छत्तीसगडात प्रवेश करतो आणि राजनांदगाव, दुर्ग व भिलाई या क्रमाने रायपूरला पोहोचतो. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ६ होता; २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा तो ५३ झाला. दुर्ग व भिलाई येथे त्यास 'जी. ई. रोड', म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, या जुन्या नावानेही ओळखतात. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असल्यामुळे दुर्ग व रायपूर या जिल्ह्यांतील लोकांना राजधानीकडे नेणारा रस्ता तो हाच. पुढे १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली.

अशा रस्त्यावरून जाणारा प्रवासी कडेचे फलक वाचतो, त्यावरून वेळेचा अंदाज बांधतो आणि ते विसरून जातो. परंतु दोन फलक लक्षात ठेवून त्यांची तुलना केली, तर कधी कधी एक चमत्कारिक कोडे समोर येते.

कोडे

समजा, राजनांदगावच्या बाजूने येणाऱ्या एका प्रवाशाला पहिल्या फलकावर 'भिलाई ३०, रायपूर ५८' असे आकडे दिसले. काही वेळाने दुसरा फलक आला. त्यावर 'भिलाई १७, रायपूर ४६' असे लिहिले होते. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत.) भिलाईच्या आकड्यांवरून पाहता या दोन फलकांमध्ये १३ किलोमीटर अंतर पडते; रायपूरच्या आकड्यांवरून पाहता ते १२ किलोमीटरच भरते. तसेच पहिल्या फलकाप्रमाणे भिलाईपासून रायपूर २८ किलोमीटर, तर दुसऱ्याप्रमाणे २९ किलोमीटर. रस्ता तोच, गावे तीच. मग कोणता फलक खोटा म्हणावयाचा?

दोन्ही फलक खरे

उत्तर असे की, दोन्ही फलक खरे असू शकतात. फलकावर पूर्ण किलोमीटरच लिहिण्याची रीत आहे. अर्ध्याहून कमी असलेला अपूर्णांक सोडून द्यावयाचा आणि अर्धा किंवा त्याहून अधिक असल्यास पुढचा पूर्ण अंक घ्यावयाचा, असा नियम येथे धरू. समजा, पहिल्या फलकापासून भिलाई २९.७ व रायपूर ५८.१ किलोमीटरवर आहे. नियमाप्रमाणे ३० आणि ५८ हे आकडे लिहिले जातील. तेथून १२.४ किलोमीटर पुढे गेल्यावर भिलाई १७.३ व रायपूर ४५.७ किलोमीटरवर राहील. नियमाप्रमाणे आकडे येतील १७ आणि ४६. भिलाईपासून रायपूरचे खरे अंतर दोन्ही ठिकाणी २८.४ किलोमीटरच आहे. परंतु एका फलकावर ते २८ दिसते व दुसऱ्यावर २९. रंगाऱ्याने चूक केलेली नाही आणि मोजणाऱ्यानेही केलेली नाही.

विसंगतीतून मिळणारे ज्ञान

याहून मनोरंजक भाग पुढे आहे. केवळ पहिलाच फलक पाहिला असता, तर प्रवाशाला काय कळले असते? भिलाईचे खरे अंतर २९.५ ते ३०.५ यांच्या दरम्यान आणि रायपूरचे ५७.५ ते ५८.५ यांच्या दरम्यान. म्हणून त्या दोन शहरांतील अंतर २७ हून अधिक व २९ हून कमी. दुसऱ्या फलकाला हाच हिशेब लावला, तर ते २८ हून अधिक व ३० हून कमी ठरते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असावयाची, तर अंतर २८ व २९ यांच्या दरम्यानच असले पाहिजे. दोन किलोमीटरांची अनिश्चितता एका किलोमीटरवर आली.

दुसऱ्या फलकावरही २८ चाच फरक आला असता, तर मात्र 'सत्तावीस ते एकोणतीस' याहून अधिक नेमके काहीही सांगता आले नसते. म्हणजे येथे फलकांच्या एकमतापेक्षा त्यांच्या मतभेदातूनच अधिक ज्ञान मिळाले. असे अनेक फलक तपासले आणि दहांपैकी सुमारे चारांवर २९ चा फरक आढळला, तर खरे अंतर २८.४ च्या आसपास आहे, असाही अंदाज करता येतो. त्यासाठी फलक वाटेल त्या ठिकाणी विखुरलेले हवेत. ते एकमेकांपासून नेमक्या पूर्ण किलोमीटरांवर रोवलेले असतील, तर प्रत्येकाला तोच अपूर्णांक वाट्यास येईल, फरकही तोच दिसेल आणि शंभर फलक वाचूनही ज्ञानात भर पडणार नाही.

संशय केव्हा घ्यावा?

वरील विवेचनावरून एक उपयुक्त नियम हाती येतो. एकाच रस्त्यावर, एकाच दिशेला असलेल्या दोन गावांच्या आकड्यांतील फरक निरनिराळ्या फलकांवर फार तर एकाने बदलू शकतो. एका फलकावर २८ आणि दुसऱ्यावर ३० असा फरक आला, तर अपूर्णांकाची सबब चालणार नाही. दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

ते कारण चूकच असेल असे नाही. दुर्ग शहराला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता आता झाला आहे. भिलाईचा आकडा शहरातून जाणाऱ्या मार्गाने व रायपूरचा आकडा बाह्यवळणाने धरला असेल, तर वजाबाकी जुळणार नाही. तसेच 'भिलाई' म्हणजे नेमके कोणते ठिकाण, हाही प्रश्न आहे. सुपेला व पॉवर हाऊस हे दोन्ही भाग याच रस्त्यावर असून दोन्ही भिलाईतच मोडतात. मोजणीसाठी कोणता बिंदू धरला, हे ठरविल्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

मोजण्याचे एकक बदलले म्हणजेही असाच प्रश्न उभा राहतो. नागपूरच्या 'झीरो माइल' स्तंभावर रायपूरचे अंतर १७४ मैल असे कोरलेले आहे. मेट्रिक पद्धतीत त्याचे २८० किलोमीटर होतात. परंतु १७४ ही जवळची पूर्ण संख्या असेल, तर त्या काळच्या रस्त्याचे खरे अंतर १७३.५ ते १७४.५ मैल, म्हणजे सुमारे २७९.२ ते २८०.८ किलोमीटर, यांत कोठेही असू शकेल. मैलातील संदिग्धता किलोमीटर लिहिल्याने नाहीशी होत नाही.

वाचकांसाठी एक प्रश्न

भिलाईकडे जाताना तीन फलक लागले, असे समजा. पहिल्यावर 'दुर्ग २४, भिलाई ३५', दुसऱ्यावर 'दुर्ग १५, भिलाई २७' आणि तिसऱ्यावर 'दुर्ग ६, भिलाई १९'. सर्व अंतरे एकाच मार्गाने व त्याच बिंदूंपर्यंत मोजलेली आहेत. कोणता फलक चुकीचा आहे?

फरक अनुक्रमे ११, १२ व १३ येतात. पहिला फलक खरा असेल, तर दुर्ग-भिलाई अंतर १२ हून कमी. तिसरा खरा असेल, तर ते १२ हून अधिक. तेव्हा पहिला व तिसरा हे दोन्ही खरे असू शकत नाहीत. निदान एक चुकीचा आहेच. दुसऱ्या फलकाचा दोघांपैकी कोणाशीही विरोध नाही. तथापि मधला आकडा आहे म्हणून तो खरा, असे म्हणता येणार नाही. विरोध नसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. कोणता फलक बदलावयाचा हे ठरविण्यास तर्क येथे अपुरा पडतो. त्यासाठी रस्त्यावर जाऊन अंतर मोजलेच पाहिजे.