पीसीबीची जाडी आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय

मुद्रित परिपथ फलकातून म्हणजेच पीसीबीतून होणारा विद्युतचुंबकीय व्यत्यय फलकाच्या रचनेवर बराच अवलंबून असतो. त्यात फलकाच्या एकूण जाडीपेक्षा संकेतवाहक तांब्याचा थर आणि त्यालगतचे भू-प्रतल म्हणजे ग्राउंड प्लेन यांमधील अंतर अधिक निर्णायक ठरते. सर्वाधिक प्रचलित फलक १.६ मिमी जाडीचा असतो. हे माप जवळपास १/१६ इंच आहे. ०.८, १.०, १.२ आणि २.० मिमी जाडीचे फलकही मिळतात.

परतीचा प्रवाह

संकेतासोबत गेलेला प्रत्येक प्रवाह स्रोताकडे परततो. कमी वारंवारतेस तो सर्वांत कमी रोधाचा मार्ग धरतो, तर उच्च वारंवारतेस सर्वांत कमी प्रवर्तकतेचा, म्हणजे भू-प्रतलावर वाहक पट्टीच्या अगदी खालचा. जाणारा व परतणारा प्रवाह मिळून एक वेटोळे तयार होते आणि ते लहानशा अँटेनाप्रमाणे वागते. त्याचे उत्सर्जित क्षेत्र प्रवाहाच्या व वेटोळ्याच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात, तर वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पट्टी व प्रतल यांतील अंतर निम्मे केल्यास क्षेत्रफळ निम्मे होते आणि हे क्षेत्र ६ डेसिबलने घटते. अंतर १.६ मिमीवरून ०.२ मिमीवर आणल्यास ही घट तत्त्वतः १८ डेसिबल भरते.

परतीचा सुमारे ८० टक्के प्रवाह पट्टीच्या दोन्ही बाजूंना या अंतराच्या तिप्पट रुंदीत सामावतो. १.६ मिमी अंतरासाठी ही रुंदी प्रत्येक बाजूस ४.८ मिमी, तर ०.२ मिमीसाठी ०.६ मिमी असते. त्यामुळे शेजारच्या पट्ट्यांमधील संकेतगळतीही कमी होते.

दोन थर आणि चार थर

दोन थरांच्या फलकात १.६ऐवजी ०.८ मिमी जाडी निवडणे उपयुक्त असते. मात्र खालचे प्रतल अखंड असेल तरच. त्यातून आडवी पट्टी नेल्यास परतीच्या प्रवाहाला वळसा पडतो आणि पातळ फलकाचा लाभ बव्हंशी वाया जातो. चार थरांच्या नेहमीच्या १.६ मिमी फलकात बाहेरचा थर व आतील प्रतल यांत सुमारे ०.२ मिमी, तर मधल्या गाभ्यात सुमारे १.२ मिमी अंतर ठेवतात. जाडी तीच, पण उत्सर्जन कमी. म्हणून ‘पातळ फलक म्हणजे कमी व्यत्यय’ हा समज अर्धवट आहे. हेच चार थर समान अंतरावर ठेवल्यास लाभ घटतो. उत्पादकाला केवळ ‘१.६ मिमी, चार थर’ एवढेच कळवणे त्यामुळे धोक्याचे असते: थरांमधील अंतरे आराखड्यात नमूद नसतील, तर उत्पादक बदलताच चाचणीत उत्तीर्ण झालेले उपकरण अनुत्तीर्ण ठरू शकते.

जाड गाभ्याची एक उणीव आहे. एफआर-४ पदार्थात १.२ मिमी अंतरावरील वीजपुरवठा-प्रतल व भू-प्रतल यांची धारकता प्रति चौ. सेंमी जेमतेम ३ पिकोफॅरड असते, ०.१ मिमी अंतरास ती सुमारे ३९ होते.

मर्यादा

अंतर घटले की वाहक पट्टीचा संरोधही घटतो. एफआर-४ फलकाच्या बाह्य थरावर ५० ओहम राखण्यासाठी १.६ मिमी अंतरास सुमारे ३ मिमी रुंद पट्टी लागते, तर ०.२ मिमीस सुमारे ०.४ मिमी. पातळ फलक वाकतो व त्यावरील सिरॅमिक धारकांना तडे जाऊ शकतात. काही ठिकाणी निवडीला वावच नसतो: पीसीआय एक्सप्रेस कार्डाची जाडी १.५७ मिमी, तर एम.२ कार्डाची ०.८ मिमी ठरलेली आहे.

फलकाला जोडलेल्या केबलमधून होणारे उत्सर्जन हा वेगळा प्रश्न आहे. ३० मेगाहर्ट्झपासून पुढच्या काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत बहुधा तेच वरचढ असते आणि त्यासाठी गाळणी, आवरण व जोडणीजागेची भूजोडणी यांकडे पाहावे लागते.