संगणक सुरूच होत नाही तेव्हा

मिहानमधील एका कंपनीत नोकरीस लागल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारातून एकेक सुटा भाग विकत घेऊन मी खापरीच्या भाड्याच्या खोलीत एक संगणक स्वतः जोडला. धाकटी बहीण त्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करी. मे महिन्यातील एका संध्याकाळी तिने बटण दाबले आणि काहीच घडले नाही. ना पंखा फिरला, ना दिवा लागला. परीक्षेचा अर्ज भरण्यास दोनच दिवस उरले होते. एका दुकानदाराने यंत्र न पाहताच फोनवर निर्णय दिला: मदरबोर्ड गेला, नवा घ्या.

वसतिगृहात कालाम सुत्त समजावताना आपले गुरुजी सांगत, की ऐकीव गोष्ट जाणत्याने सांगितलेली असली तरी ती पडताळून पाहावी. पैसे मोजण्यापूर्वी आम्ही तेच करायचे ठरवले.

प्रथम लक्षण नीट पाहावे. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, हा निराळा दोष असून तिथे बहुधा रॅम काढून पुसून पुन्हा बसवण्यापासून सुरुवात करतात. पंखा क्षणभर हलून थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्टसर्किट असण्याचा संभव मोठा. आमचा संगणक मात्र पूर्ण निपचित होता.

अशा वेळी विजेच्या वाटेने चालत जावे. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून पाहावा. नागपूरच्या उन्हाळ्यात कुलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात. तापून तापून त्याचे जोड सैल होतात. संगणकाच्या मागचा छोटा स्विचही पाहावा. हसू येईल, पण झाडताना तो बंद झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅबिनेटवरील बटण 230 व्होल्टची वीज जोडत वा तोडत नाही. ते मदरबोर्डला केवळ सूचना देते आणि मदरबोर्ड ती एसएमपीएसकडे पोहोचवतो. एसएमपीएस मात्र प्लग लावल्यापासून 5 व्होल्टचा एक क्षीण प्रवाह सतत देत असतो. अनेक मदरबोर्डांवरील बारीक दिवा त्यावरच जळतो. आमच्या बोर्डावर तो जळत होता. म्हणजे वीज तिथवर येत होती. संशय उरला तो सूचनेच्या वाटेवर.

बटणाकडून येणारी दोन तारांची जोडणी आम्ही मदरबोर्डवरून काढली आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखे फिरू लागले. मदरबोर्ड शाबूत होता. बटणाचा संपर्क तेवढा गेला होता. रिसेट बटणाची तार त्याच पिनांना लावून दिली आणि त्या रात्रीच अर्ज भरला गेला.

या चाचणीनेही यंत्र सुरू झाले नसते, तर पुढची पाळी एसएमपीएसची होती. प्लग काढून 24 पिनांचा जोड मदरबोर्डपासून सोडवावा, त्यातील हिरवी व एक काळी तार पेपर क्लिपने जोडावी आणि मगच प्लग लावावा. सर्वच तारा काळ्या असतील तर 16 व 17 क्रमांकाचे पिन जोडावेत. पंखा फिरला तरी निश्चिंत होऊ नये. भार पडताच ढेपाळणारे एसएमपीएसही असतात. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेचा दाब 11.4 ते 12.6 व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे. उन्हाळ्याची झळ याच भागाला अधिक बसते, कारण त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते.

एसएमपीएस निर्दोष ठरल्यास मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढ्यावर चालवून पाहावा. चालला, तर एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागाशी यंत्र पुन्हा बंद पडेल तोच दोषी. घाईने दोन भाग एकदम जोडले की आधीचा सारा खटाटोप वाया जातो.

एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहतो. ती बिघडली असेल तर बदलावी, आणि वॉरंटीत असेल तर बिलासह दुकानात न्यावी.