सूचनाफलक वाचा, हक्काचे घरी आणा

कोणत्याही महाविद्यालयात शिरले की जिन्याजवळ एक सूचनाफलक दिसतो. परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वसतिगृहाचा प्रवेश, कमवा व शिका योजना, राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी असे कितीतरी कागद तेथे टाचलेले असतात. आता हीच सूचना मोबाईलवरही येते आणि शंभर संदेशांच्या खाली गाडली जाते. मग वर्ष संपता संपता एखादा बाप कामावर खाडा करून कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहतो. "साहेब, आमच्या पोरीची स्कॉलरशिप कशी आली नाही?" आतून उत्तर मिळते, "अर्जच नाही. तारीख गेली."

पोरगी हुशार, कागदपत्रे खरी, उत्पन्न मर्यादेच्या आत. चुकली ती केवळ तारीख. पण त्या एका तारखेपायी सबंध वर्षाची फी हातावर पोट असलेल्या घरावर पडते. अशा वेळी शिक्षण थांबते ते बहुधा मुलीचे, हे आपण मान्य केले पाहिजे.

बाबासाहेबांच्या जीवनातील १९१३ हे वर्ष आठवून पाहा. फेब्रुवारीत वडील रामजीबाबा गेले. घरावर दुःखाचा आणि जबाबदारीचा डोंगर कोसळला. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविणार होते. तरुण भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. बुद्धिमत्ता तर होतीच, पण संधीची वार्ता वेळेवर कळली आणि अर्जही वेळेवर झाला, हेही तितकेच खरे.

स्वतःला मिळालेली संधी पुढे हजारोंना मिळावी म्हणून ते झटले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळविला आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंटही होती. आपल्या पोरांनी नुसती डिग्री घेऊ नये, चार माणसांत उभे राहून बोलावे, हा त्यामागचा हेतू होता.

पालकहो, फलकावर आपल्या मुलांसाठी काय काय असते ते पाहा.

पहिली गोष्ट भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असले तरी निराश होऊ नका. राज्य शासनाची फ्रीशिप आहे, त्यात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा भार हलका होतो. दोन्हींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो आणि तो दरवर्षी करावा लागतो. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. तो आधी महाविद्यालयात तपासला जातो, नंतर समाजकल्याण खात्याकडे जातो. त्रुटी असली तर परत येतो आणि विद्यार्थ्याने पाहिलेच नाही तर तसाच पडून राहतो. म्हणून दर आठवड्याला अर्ज कोठवर गेला ते बघावे. बँक खाते आधारशी जोडलेले असावे, कारण पैसे थेट खात्यात येतात.

दुसरी गोष्ट राहण्याची. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरविलेले आहेत. लहान शहरांत रक्कम कमी आहे. मात्र वसतिगृहासाठी अर्ज आधी केलेला असावा.

तिसरी गोष्ट अभ्यासाबाहेरची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजविलेल्या कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करून मुलगा आपला खर्च काढू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. वक्तृत्व स्पर्धा, युवक महोत्सव, एन.सी.सी. या गोष्टी "आपल्यासाठी नाहीत" असे मानून आपली मुले मागच्या बाकावर बसतात. तो संकोच सोडला पाहिजे. स्पर्धा परीक्षेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या जाहिरातींवरही लक्ष असू द्या.

आता कागदपत्रांविषयी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अभ्यासक्रमाला लागत असेल तर जात पडताळणी प्रमाणपत्र ही कामे उन्हाळ्याच्या सुटीतच उरकावीत. बौद्ध समाजाला केंद्राच्या सवलती अनुसूचित जाती आदेशात १९९० साली कायद्याने झालेल्या दुरुस्तीमुळे मिळाल्या, त्याही फार मोठ्या लढ्यानंतर. केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर अनुसूचित जातीच्या यादीतील मूळ जातीचा उल्लेख लागतो. केवळ "नवबौद्ध" असे लिहिलेला दाखला घेऊन केंद्रीय संस्थेत गेलेली मुले ऐन वेळी अडचणीत येतात. जात आपण मनातून टाकली आहे. पण कायद्याने लागणारा कागद व्यवस्थित असू द्यावा, त्यात कमीपणा नाही.

पण हे सारे एकेकट्या घराने करायचे म्हटले तर कठीण आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील पाळीवर जातात. त्यांना पोर्टल कसे समजावे? येथे विहाराने पुढे यावे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची धावपळही बहुतेक याच महिन्यांत असते. रोज संध्याकाळी वस्ती ग्रंथवाचनाला जमते. वाचन संपल्यावर दहा मिनिटे महाविद्यालयातील सूचना वाचाव्यात. वस्तीतल्या दोन पदवीधरांनी मोबाईलवर अर्ज भरून द्यावेत. महिला मंडळाने कोणाच्या मुलीचा अर्ज राहिला, याची वही ठेवावी. खर्च काहीच नाही. लागते ती फक्त आठवण.

आणि विद्यार्थी बंधू-भगिनींनो, कॉलेजातून घरी जाताना फलकापाशी दोन मिनिटे थांबा. तारीख वहीत लिहा. आपल्यापुरती नव्हे, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही सांगा. कोणी खिडकीवर टाळाटाळ केली तर भांडू नका, घाबरूही नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या शिकवणीचा रोजच्या व्यवहारातला अर्थ तोच आहे.

जय भीम!