असई : दोन नद्यांमधील एक ग्राम

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई या दोन नद्या एकमेकींस मिळतात. संगमाच्या पश्चिमेस या नद्यांमध्ये भूमीची एक निमुळती जीभ तयार झाली असून, तिच्यावर जुईच्या दक्षिण तीरी असई हे लहानसे गाव वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील हा प्रदेश काळ्या मातीचा आहे. नद्यांची पात्रे मोठी नसली तरी काठ उभे व चिखलाचे असल्यामुळे पावसाळ्यात त्या ओलांडणे उतारावाचून कठीण जाते.

या खोऱ्यातील वस्ती प्राचीन आहे. केळणेच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन होय. तेथे १९७३ साली झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन अवशेष उपलब्ध झाले. असईचे नाव मात्र इतिहासात आले ते २३ सप्टेंबर १८०३ या एका दिवसामुळे.

त्या दिवशी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचे सैन्य केळणेच्या उत्तर तीरावर भोकरदनपासून असईपर्यंत पसरले होते. समोर नदी असल्यामुळे ही जागा दक्षिणेकडून दुर्भेद्य होती. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यास वाटाड्यांनी पुढे उतार नसल्याचे सांगितले. परंतु पिंपळगाव व वरुड ही दोन गावे समोरासमोरच्या तीरांवर असल्याचे त्याने पाहिले, आणि अशा गावांमध्ये दळणवळणाचा मार्ग असलाच पाहिजे, असे अनुमान बांधले. ते खरे ठरले. सैन्य उतारावरून पार झाले व पूर्वेकडून त्या जिभेत शिरले.

येथे भूमीचा गुणधर्म पालटला. शिंद्यांच्या पलटणींचा अधिकारी पोलमन याने आघाडी फिरवून उजवी बाजू केळणेस व डावी असईस टेकविली. ही हालचाल शिस्तबद्ध होती. तथापि दोन्ही बाजूंस नद्या असल्यामुळे मराठ्यांच्या विपुल घोडदळास शत्रूस वेढा घालण्याइतका अवकाश उरला नाही. जो प्रवाह संख्येने मोठ्या सैन्याचे रक्षण करीत होता, तोच आता लहान सैन्याच्या बगला राखू लागला. असे असूनही विजय स्वस्त नव्हता. असई गावातील तोफांपुढे आलेल्या तुकड्यांचा संहार झाला. इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या दीड हजारांवर गेली. पुढे १८१५ साली वॉटर्लू जिंकणारा हाच सेनापती उतारवयातही असईस आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांस अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील मुलूख, जालन्याचा किल्ला व परगणा यांसह, सोडावा लागला.

रणांगणाचा अभ्यास सामान्यतः सेनापतींच्या चरित्रातून केला जातो. असईचे उदाहरण असे दर्शविते की, ग्रामस्थांच्या नित्याच्या येण्याजाण्याने ठरलेली गावांची मांडणी हीदेखील इतिहासाची एक साधनसामग्रीच होय, आणि ती वाचता येणे हे भूगोलाच्या अभ्यासकाचे कार्य आहे.